पंप मारला की लागतो!

जुन्या फियाटबद्दल बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. मालक चावी हातात देतो, बॉनेटवरून प्रेमाने हात फिरवतो आणि जाता जाता सांगावं तसं सांगतो, "ब्रेकला जरा दोन पंप मारावे लागतात हं. पंप मारला की लागतो." हे सांगताना त्याला लाज वाटत नाही. उलट थोडा अभिमानच असतो, की बघा, आमच्या गाडीला सवयीचा माणूस लागतो!

मला या वाक्याचा भयंकर राग येतो. आजचं लिखाण त्या रागातूनच आलंय, तेव्हा मंडळी, थोडं सांभाळून घ्या.

पहिल्या दाबात ब्रेक लागत नाही याचा अर्थ काय? एक तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, नाही तर पाइपात हवा आहे, नाही तर मास्टर सिलिंडरमधलं रबर दाब धरत नाहीये. चौथी शक्यता म्हणजे वरचे तिन्ही प्रकार एकत्र. यातलं एकही कारण 'गाडीचा स्वभाव' या सदरात मोडत नाही. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर पुढे जाते. दुसरा पंप मारायला एक सेकंद धरा. म्हणजे तुमची गाडी थांबायला सुरुवात करायच्या आधीच चार फियाट एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर कापून मोकळी होते. त्या अंतरात कोण असेल ते तुम्ही ठरवत नाही. शाळेतून सुटलेलं पोर असेल, स्कूटरवरून भाजी घेऊन निघालेल्या काकू असतील. त्यांना तुमच्या गाडीच्या सवयी माहीत नसतात.

माझ्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून बनायला लागलेली, आणि पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ज्या घराण्याने निम्म्या हिंदुस्थानाला लग्नाला आणि देवदर्शनाला नेलं, त्यातली. हल्ली माझ्यासारखे बरेच आयटीवाले शनिवार-रविवारी चालवायला अशी एखादी जुनी गाडी घेतात. चांगलं आहे. आठवडाभर पडद्याकडे बघून डोळे शिणल्यावर हाताला ग्रीस लागलं की बरं वाटतं. पण ही मंडळी पहिला पैसा कुठे घालतात ते बघा. रंग! मग क्रोम, मग सीट कव्हर, मग ती पांढऱ्या पट्ट्याची टायरं. ब्रेकची पाळी 'पुढच्या बोनसला'.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी गाडी घेतली की पहिला पैसा ब्रेकवर. तोही तुकड्यातुकड्याने नाही, पेडलपासून चारही चाकांपर्यंत एकदम. ते होईपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही.

हे म्हटलं की सबबी सुरू होतात. मी आत्तापर्यंत ऐकलेल्या चार इथे घेतो.

सबब पहिली : "गाडी फारशी चाललेलीच नाही हो."

म्हणजे तर जास्तच वाईट! ब्रेकमधले रबराचे भाग किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. मास्टर सिलिंडरमधले वायसर, व्हील सिलिंडरचे कप, धूळ अडवणारी बुटं आणि चाकाकडे जाणारे होज पाइप हे सगळं गाडी उभी असतानाही म्हातारं होत असतं. होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगून त्याचं भोक बारीक झालेलं असतं. पेडल दाबलं की जोरामुळे फ्लुइड पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. मग एकच चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते, आणि मालक अलाइनमेंट करून घ्यायला जातो.

फ्लुइडचंही तेच. आपण नेहमी वापरतो तो ग्लायकॉलवाला ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतो. डॉट ३ प्रतीच्या नव्या कोऱ्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू कमीत कमी २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच १४० पर्यंत खाली आलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आता पाच कोकणी पावसाळे एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीत काय मुरलं असेल याचा हिशोब तुम्हीच करा. तेच पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज लावतं, बारीक खड्डे पाडतं, आणि तुम्ही नवीन कप बसवलात तरी त्या खड्ड्यांवरून घासून तो महिन्याभरात फाटतो.

यात अजून एक गंमत आहे. 'पॅकबंद, ओरिजिनल, जुन्या स्टॉकमधलं' असं म्हणून विकलं जाणारं किट. त्या पिवळ्या पडलेल्या डब्यावर आपण फिदा होतो. पण डबा पॅकबंद असला तरी आतलं रबर डब्यातच पंचवीस वर्षांचं झालंय ना? आरसा, दिवा, हँडल जुन्या स्टॉकमधलं मिळालं तर जरूर घ्या. ब्रेकचं रबर मात्र अलीकडे बनलेलंच घ्यायचं. चालू मापाचे कप मिळतात. व्हर्नियरने सिलिंडर मोजून दुकानात जायचं, "फियाटचं द्या" एवढंच सांगून नाही.

सबब दुसरी : "आमचा मिस्त्री तीस वर्षं फियाटच करतोय."

मिस्त्रीबद्दल मला आदर आहे. पण जरा विचार करा, तीस वर्षं तो कुठल्या गाड्या करत होता? टॅक्सी! मुंबईची काळी-पिवळी दिवसभर पळायची, ब्रेक जरा बिघडला की ड्रायव्हर संध्याकाळी दारात हजर. चूक झाली तरी दुसऱ्या दिवशी कळायची. आपल्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप छोटा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा संपून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता त्याच्याकडे येते ती तुमची-आमची गाडी, महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी. त्याच हातांनी तेच काम केलं तरी चूक कळायला वर्ष लागतं, आणि कळते ती घाटात.

मुळात आपल्याकडे सगळा घोळ एका शब्दाने केलाय. ब्रेक ऑईल! दुकानदार ऑईल म्हणतो, मिस्त्री ऑईल म्हणतो, आपणही म्हणतो. अहो, ते ऑईल नाहीये. आणि ते ऑईल नाही हाच त्याचा सगळ्यात महत्त्वाचा गुण आहे. ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलसाठी बनवलेलं असतं. त्याला इंजिन ऑईल, रॉकेल, पेट्रोल, डिझेल यातलं काहीही लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. पण 'ऑईल' म्हटलं की ऑईलचा भाग पेट्रोलने धुवायचा ही गॅरेजची रीतच आहे. माझ्या गाडीचं मास्टर सिलिंडर एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये उघडलं होतं. "नवीन किट टाकलंय साहेब, निश्चिंत जा" असं सांगून गाडी दिली. तिसऱ्या दिवशी चारही चाकं हळूहळू जाम व्हायला लागली, ड्रमला हात लावेना. मी स्वतः उघडून पाहिलं तर नवे कप फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसलेले. फ्लुइड परत जायचं जे बारीक भोक असतं तेच बुजलेलं, त्यामुळे दाब सुटायलाच जागा नाही. पोराने जोडायच्या आधी सगळे भाग पेट्रोलच्या थाळीत धुतले होते. गॅरेजवाल्याचं उत्तर, "आम्ही नेहमी असंच करतो." तेच तर दुखणं आहे राव! हे भाग धुवायचे ते ताज्या ब्रेक फ्लुइडने किंवा स्पिरिटने. बस्स. त्या पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याच्यावर राग नाही. ज्याने बिल फाडलं त्याच्यावर आहे.

दुसरी रीत तांब्याच्या पाइपची. मूळचा स्टीलचा पाइप गंजला की फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप आणून वाकवून बसवायचा. छान चकाकतो, हाताने वाकतो, मिस्त्री खूश. पण साधं तांबं थरथरीने कडक होत जातं आणि कडक झालं की तडकतं. तुम्हाला स्टील नको असेल तर तांबं आणि निकेलचा मिश्रधातू खास ब्रेकसाठी मिळतो, तो वापरा. पाइपाचं तोंड दुहेरी घडीचंच करून घ्या. एकेरी घडीची कड या दाबाला चिरते.

आणि तिसरी रीत, ड्रम काढला की कंप्रेसरची हवा मारून धूळ उडवायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ उडवणारा बहुतेक वेळा अठरा वर्षांचा पोरगा असतो, नाकाला रुमालसुद्धा नसतो. त्याच्या फुप्फुसांचा हिशोब तुमच्या बिलात येत नाही, म्हणून तो नाहीच असं समजू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा, फडकं पिशवीत बांधून टाकायला सांगा. पाच मिनिटं जास्त लागतील.

सबब तिसरी : "गाडी ओरिजिनल ठेवायचीय."

ही सबब सुशिक्षितांची, म्हणून जास्त चिवट. केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात बसते. गाडी मूळ रूपात जपलेली असावी, आणि ज्या मोठ्या बदलांनी ती बाद होते त्यात नावानिशी उल्लेख आहे तो चासी, बॉडी आणि इंजिनाचा. ब्रेकचे कप, होज, पाइप, लायनर नवे घातल्याने गाडी बाटत नाही. ज्यांना कायद्याची ढाल पुढे करायची सवय आहे त्यांनी तो एकदा वाचावा.

खरा प्रश्न पुढचा आहे. माझ्या गाडीला, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांना, ब्रेकचं एकच सर्किट होतं. एक मास्टर सिलिंडर, त्यातून चारही चाकांना दाब. कुठेही एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. आपल्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, आणि असं डिझाइन रिव्ह्यूला आणलं तर लोक हसतात. अमेरिकेने नव्या मोटारींना दोन स्वतंत्र सर्किटं १९६८ च्या जानेवारीपासून सक्तीची केली. म्हणजे माझी गाडी कुर्ल्यात बनत होती त्याच वर्षी जगाने ठरवलं होतं की एक सर्किट पुरेसं नाही. मग 'ओरिजिनल' म्हणून मी नेमकं काय जपतोय? त्या काळातली एक उणीव? जुने दागिने जपावेत, जुना गळफास कशाला जपायचा?

इथे माझं मत कुणाला झोंबेल, पण सांगतो. गाडी प्रदर्शनात ट्रेलरवरून नेणार असाल तर एक सर्किट ठेवा. रस्त्यावर चालवणार असाल तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा, आणि जुना सिलिंडर तेलकागदात गुंडाळून कपाटात ठेवा. पुढच्या मालकाला हवा तर तो परत लावेल.

मात्र याच्या उलट टोकाला गेलेले वीरही आहेत. इंटरनेटवर बघून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक ठोकायचे आणि फोटो टाकायचे. डिस्क उत्तमच, पण ब्रेक ही एक अख्खी व्यवस्था आहे. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यामुळे स्वतःहून जास्त आवळला जातो, डिस्कला ही फुकटची मदत नसते. तिला जास्त दाब लागतो, आणि या गाड्यांना बूस्टर नाही. म्हणजे डिस्क बसवून पेडल दगडासारखं होतं. शिवाय ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला की डिस्कचे पॅड कायम घासत राहतात. सिलिंडरचा व्यास बदलला की पेडलचा जोर आणि प्रवास बदलतो, पुढचं-मागचं प्रमाण बिघडलं की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. ज्याला हे सगळं मोजता येतं त्याने खुशाल करावं. बाकीच्यांनी चार ड्रम नीट ठेवावेत. नीट बसवलेला ड्रम अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा कधीही बरा.

सबब चौथी : "मी जपून चालवतो."

शाब्बास! पण घाट जपून चालवणाऱ्याला सवलत देत नाही. माणसांसकट गाडी एक टनाची धरा. ताशी ऐंशीवरून थांबवायची तर ब्रेकला सुमारे अडीचशे किलोज्यूल उष्णता पोटात घ्यावी लागते. आता हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरवा. उंचीतला फरक साधारण पाचशे मीटर. गुणाकार केलात तर जवळजवळ पाच हजार किलोज्यूल येतात, म्हणजे ऐंशीवरून वीस वेळा करकचून थांबण्याएवढी ऊर्जा, तीही काही मिनिटांत. तुम्ही सावकाश उतरलात तरी उंची तेवढीच राहते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलीत तर जवळजवळ सगळा भार त्या चार ड्रमवर. ड्रमचं तापमान सहज दोनशेच्या पुढे जाऊ शकतं. आत पाणी मुरलेला फ्लुइड असेल तर तो उकळतो, पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फळीला टेकतं. त्या क्षणी तुम्ही किती सज्जन ड्रायव्हर आहात याला काही अर्थ उरत नाही. उरतो तो हँडब्रेक, आणि तो तुम्ही शेवटचा कधी ॲडजस्ट केला होता?

बरं, आता खर्च. माझ्या गाडीच्या ब्रेकचं संपूर्ण काम, म्हणजे सगळे कप, तिन्ही होज, नवे पाइप, लायनर, दोन व्हील सिलिंडरना स्लीव्ह आणि ड्रमची लेथवरची मजुरी, हे सगळं रंगवाल्याने दिलेल्या कोटेशनच्या चौथ्या हिश्श्यातही बसलं. तेव्हा 'परवडत नाही' हे मला सांगू नका. परवडतं, पण ते दिसत नाही. लाल चकचकीत रंगाच्या फोटोला शंभर लाइक मिळतात, नव्या व्हील सिलिंडरच्या फोटोला आपली बायकोसुद्धा लाइक देत नाही :-)

काम करून घेताना निदान एवढं उभं राहून बघा. ड्रम मोजूनच लेथवर चढवायचा, मर्यादेपलीकडे पातळ झाला असेल तर फेकायचा. कप बसवताना ताजा फ्लुइड किंवा रबर ग्रीस, दुसरं काही नाही. पेडलच्या दांडीला मास्टर सिलिंडरला टेकायच्या आधी थोडा मोकळा खेळ ठेवायचा, नाहीतर पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही. एअर काढायची ती सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपली स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा बहुतेक गाड्यांत सुरुवात मागच्या डाव्या चाकाने. जुनाच मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर एअर काढताना पेडल कधी फळीपर्यंत दाबायचं नाही. सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात नव्हता तिथे गंज असतो, आणि कप तिथे गेला की फाटतो. बाटलीत काढलेला जुना फ्लुइड परत ओतायचा नाही, 'स्वच्छ दिसतोय' म्हणून तर अजिबात नाही. आणि तो रंगावर सांडू देऊ नका, रंग उठतो. ब्रेक आधी, रंग नंतर, याचं हे आणखी एक कारण.

मग आधी रिकाम्या मैदानात ताशी वीसच्या वेगाने, मग चाळीसने. शंभर किलोमीटर झाले की परत चारही चाकं बघायची, शू पुन्हा ॲडजस्ट करायचे. त्यानंतर दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायचा, गाडी चालो वा न चालो.

हे लिहिल्यावर कुणीतरी म्हणणारच, की एवढी भीती घातलीत तर लोक जुन्या गाड्या ठेवणारच नाहीत. उलट आहे. एखादी जुनी गाडी उद्या सिग्नलला थांबू शकली नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळ्याच जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवा अशी ओरड होईल, आणि त्या वेळी आपल्याकडे उत्तर नसेल. या गाड्या टिकायला हव्यात असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनीच ब्रेकच्या बाबतीत सगळ्यात कडक असलं पाहिजे.

असो. या रविवारी गाडी बाहेर काढायच्या आधी एक करा. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि घड्याळ लावून मिनिटभर तसंच धरून ठेवा. पहिल्याच दाबात ते घट्ट लागलं आणि मिनिटभर जागचं हललं नाही, तर खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का तेवढं बघा आणि मग निघा. स्पंजसारखं लागलं, हळूहळू खाली गेलं किंवा दुसरा पंप मारावा लागला, तर चावी परत खुंटीला लावा. त्या दिवशी मिसळ खायला रिक्षाने जा.